केरसुणीला डोळे नसतात

दसरा झाला की आमच्या घरी माळ्यावरचा पहिला डबा खाली उतरतो आणि पुढचे पंधरा दिवस घरातल्या पुरुषमाणसाला बसायला जागा उरत नाही. खुर्चीवर जुनी मासिके, पलंगावर गाद्यांच्या खोळी, आणि दारात रद्दीवाला ताणकाटा घेऊन ताटकळत उभा. त्याला घाई असते, मला घाई असते. घाई नसते ती फक्त आमच्या सौभाग्यवतींना. एकेक कागद उलटून पाहिल्याशिवाय ती तो काट्यावर ठेवू देत नाही. प्रत्येक पुस्तक पाठीला धरून झटकते. मासिकांच्या चळतीतून एकदा शिधापत्रिका निघाली, एकदा मुलाच्या मुंजीचा फोटो निघाला, आणि एकदा, खोटे कशाला सांगू, मी लपवून ठेवलेली पन्नासाची नोट निघाली.

“अगं, रद्दी ती रद्दी! त्यात काय बघायचंय?” असे मी वर्षानुवर्षे म्हणत आलो. यंदा म्हटले नाही. त्याचे कारण सांगण्यासाठीच हा लेख आहे.

हे सदर एरवी घरातल्या साध्यासुध्या यंत्रांपुरते असते. कुकरची शिट्टी का होत नाही, इन्व्हर्टरला पाणी कधी घालावे, असले आपले विषय. दिवाळी अंकासाठी संपादक म्हणाले, “जरा मोठं लिहा.” तेव्हा मोठ्या चुकीबद्दल लिहितो, म्हणजे शब्दसंख्येची अडचण पडणार नाही.

त्याचे असे झाले. आमच्या सोसायटीत दोन-तीन चोऱ्या झाल्या, म्हणून चिरंजीवांनी दारावर कॅमेरा बसवला. चिरंजीव पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहेत. शनिवार-रविवारी नाशिकला येतात आणि आल्याबरोबर घरातल्या एखाद्या वस्तूला तार जोडतात. हा कॅमेरा दर तासाला एक फाइल तयार करतो, म्हणजे दिवसाला २४. त्या सगळ्या कॉम्प्युटरला बाहेरून जोडलेल्या एका डिस्कवर जाऊन पडतात. आता आमच्या दारात चोवीस तासांत घडते काय? दूधवाला येतो, पेपरवाला येतो, शेजारचे मांजर येऊन पायपुसण्यावर बसते. हे जन्मभर साठवून ठेवायचे कारण नाही. डिस्क भरत चालली तेव्हा चिरंजीवांनी एक स्क्रिप्ट लिहिली.

स्क्रिप्ट म्हणजे नाटकाची संहिता नव्हे. कॉम्प्युटरला ओळीने द्यायच्या हुकमांची ती एक यादी असते. घरातून बाहेर पडताना आपण गड्याला सांगतो ना, “आधी अंगण झाड, मग पाणी भर, मग फाटक लाव,” तसेच. फरक इतकाच की गडी अंगणात पाण्याची कळशी दिसली तर ती उचलून बाजूला ठेवतो. कॉम्प्युटर ठेवत नाही. त्याला सांगितलेले असते झाड म्हणून. तो कळशीसकट झाडतो.

चिरंजीवांची यादी दोनच ओळींची होती. पहिली ओळ: बाहेरच्या डिस्कवरच्या कॅमेऱ्याच्या फोल्डरात जा. दुसरी ओळ: जिथे उभा आहेस तिथल्या, ३० दिवसांहून जुन्या सगळ्या फाइली पुसून टाक. रोज रात्री दोनच्या ठोक्याला हा अदृश्य झाडूवाला यायचा, महिन्यापूर्वीचा दूधवाला आणि महिन्यापूर्वीचे मांजर झाडून न्यायचा. आठ-नऊ महिने हे बिनबोभाट चालले. घरात कोणाला आठवणही राहिली नाही.

२०२४ च्या दसऱ्यानंतरचा शनिवार. सौ.ने कॉम्प्युटरच्या टेबलामागची धूळ काढायला घेतली, तेव्हा बाहेरच्या डिस्कची तार काढून ठेवली. धुळीचे तिचे म्हणणे योग्यच होते. मागे कोळ्याने संसार थाटला होता. तार पुन्हा लावायची राहिली आणि रविवारी सकाळी आठवण झाल्यावर तिने ती लावली. सगळे पूर्ववत झाले, असे आम्हांला वाटले.

मधल्या रात्री दोन वाजता झाडूवाला आला होता. पहिली ओळ: बाहेरच्या डिस्कवर जा. डिस्क जागेवर नाही. जाता येत नाही. कॉम्प्युटरने तशी तक्रारही केली असणार, पण रात्री दोनला ती ऐकणार कोण? आणि गंमत अशी की पहिला हुकूम फसला म्हणून ही यादी थांबत नाही. थांबायला सांगितले असेल तरच थांबते. तेव्हा दुसरी ओळ: जिथे उभा आहेस तिथल्या, ३० दिवसांहून जुन्या सगळ्या फाइली पुसून टाक. तो कुठे उभा होता? असे वेळापत्रकाने जागे होणारे हुकूम घरमालकाच्या मुख्य फोल्डरात उभे राहून कामाला लागतात. म्हणजे आमच्या सगळ्या चीजवस्तूंच्या मधोमध. त्याने केरसुणी उचलली.

कळले ते पंधरा दिवसांनी, भाऊबीजेला. माझी थोरली बहीण, अक्का, इंदूरला असते. दरवर्षी भाऊबीजेला नाशिकला येते, आणि ओवाळून झाल्यावर ताट खाली ठेवायच्या आधी म्हणते, “अरे, आईला लाव.”

आईला लाव म्हणजे आईच्या ओव्या लाव. १९८४ साली, जुन्या नाशकातल्या आमच्या वाड्यात, अक्काच्या यजमानांनी आईला जात्याजवळ बसवून अकरा कॅसेटी भरून ओव्या टेप करून घेतल्या होत्या. तेव्हा घरात दळण गिरणीतून येत होते. आई केवळ जावयाच्या हौसेखातर बसली. ओवीखाली जात्याची घरघर ऐकू येते, मधूनच बांगड्या वाजतात, एका ठिकाणी ती खोकते आणि म्हणते, “हे नको घेऊ.” त्यांनी घेतले. १९९१ साली ती गेली. २००९ साली कॅसेटींना बुरशी धरू लागली म्हणून आम्ही त्या एका जाणकाराकडून कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. मूळ कॅसेटी वाड्यात खालच्या मजल्यावर ट्रंकेत राहिल्या. पुढे २०१६ च्या ऑगस्टात गोदावरीला पूर आला. दुतोंड्या मारुती बुडाला की जुन्या नाशकातली माणसे सामान वर चढवू लागतात. आमच्याकडे चढवायला कोणी नव्हते. पाणी उतरल्यावर ट्रंकेत चिखल निघाला. मी फारसा हळहळलो नाही. कॉम्प्युटरवर सगळे आहेच, असे म्हणून ती ट्रंक भंगारात दिली.

तर भाऊबीजेला मी फोल्डर उघडले. आत काही नव्हते. फोल्डर होते, त्यावर ‘आई’ हे नाव होते, आत काही नव्हते. मला आधी वाटले चष्म्याचा दोष असेल. चिरंजीवांना हाक मारली. ते आले, वाकून पाहिले, दोन-चार कळा दाबल्या आणि त्यांचा चेहरा असा उतरला की मी काही विचारलेच नाही. अक्का हातात निरांजनाचे ताट घेऊन तशीच बसली होती.

फोटोही गेले होते, पण ते कोणाच्या ना कोणाच्या फोनमध्ये, सूनबाईंच्या मेलमध्ये होते. हळूहळू परत जमले. ओव्यांची दुसरी प्रत आमच्याकडे नव्हती. एकाच कॉम्प्युटरवर, एकाच फोल्डरात त्या होत्या, आणि त्यालाच आम्ही पंधरा वर्षे ‘जपून ठेवल्यात’ असे म्हणत होतो.

इथे पुष्कळांना वाटेल की पुसलेली फाइल कॉम्प्युटरच्या कचरापेटीत सापडते. हाताने पुसली तर बहुधा सापडते. ती पेटी म्हणजे पडद्यावर चित्रे दाखवणाऱ्या मंडळींनी आपल्यासारख्या विसरभोळ्यांसाठी केलेली सोय आहे. स्क्रिप्टमधल्या पुसण्याच्या हुकमाला तिचा पत्ताच नसतो. तो थेट अनुक्रमणिकेतून फाइलची नोंद काढून टाकतो. फिरत्या चकतीच्या जुन्या डिस्कवर मजकूर मागे तसाच पडून असतो, त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत. म्हणून असे झाले तर यंत्र ताबडतोब बंद करून जाणत्या माणसाकडे न्यावे, तेवढी आशा असते. आमच्या यंत्रात मात्र दोन वर्षांपूर्वीच नव्या तऱ्हेची, चकती नसलेली वेगवान डिस्क घातली होती. तिला कॉम्प्युटर अधूनमधून कळवतो की अमुक जागा आता रिकामी समजा, आणि ती आपणहून ती जागा साफ करून ठेवते. त्यात आम्ही पंधरा दिवस त्याच यंत्रावर फराळाच्या याद्या लिहीत होतो. ज्या गृहस्थांना दाखवले, त्यांनी दोन दिवस खटपट केली आणि पैसे घेतले नाहीत. त्यावरूनच काय ते समजलो.

त्या रात्री चिरंजीव गच्चीवर एकटे बसले होते. मी वर गेलो. ते म्हणाले, “बाबा, दोन शब्द कमी पडले. ‘नाहीतर थांब’ एवढंच लिहायचं होतं पहिल्या ओळीपुढे. आम्ही नव्या पोरांना पहिल्या आठवड्यात हे शिकवतो.”

मी त्याला काय सांगणार? ट्रंक भंगारात देणारा मीच.

पण बोलता बोलता माझ्या मनात एक गोष्ट आली. मी एकतीस वर्षे सरकारी दप्तरात काढली. बाहेरच्या लोकांना वाटते की सरकारी दप्तर म्हणजे कागद साठवण्याची जागा. कागद नष्ट करणे हेही तिथले मोठे काम आहे, आणि त्याला फार सुंदर शब्द आहे: निंदणीकरण. शेतातले तण निंदतात, तसे दप्तरातले तण निंदायचे. त्यासाठी प्रत्येक प्रकरण निकाली निघाले की त्यावर अक्षर पडते. ‘अ’ म्हणजे कायम ठेवायचे, ‘ब’ तीस वर्षे, ‘क’ दहा वर्षे, आणि ‘ड’ म्हणजे वर्षभराने नष्ट करायचे किरकोळ कागद. आमच्या शेजारच्या जिल्ह्यात, तेव्हाच्या अहमदनगरला, १९८० च्या दशकात अनिलकुमार लखिना नावाचे जिल्हाधिकारी होते. त्यांनी कारकुनाच्या टेबलावरच्या कागदांचे सहा गठ्ठे पाडायची पद्धत घालून दिली, आणि त्यांतला एक गठ्ठा खास नष्ट करायच्या ‘ड’ कागदांसाठी ठेवला. पुढे ती साऱ्या राज्यभर माहीत झाली. नष्ट करायचे कागद वेगळ्या गठ्ठ्यात जातात. त्यांची यादी होते. यादीवर अधिकारी सही करतो. मग कागद जातात, आणि यादी मागे राहते.

माझ्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी ‘ड’च्या गठ्ठ्यात एक वारसाचे प्रकरण बांधून टाकले होते. आमच्या वरिष्ठांनी सही करण्यापूर्वी यादी मला मोठ्याने वाचायला लावली. सतराव्या नावाला मी स्वतःच अडखळलो. शिव्या खाल्ल्या, पण कोणाची तरी जमीन वाचली.

आता पाहा, चिरंजीवांच्या स्क्रिप्टला अक्षरे माहीत नव्हती. तिला फक्त वय माहीत होते. तीस दिवसांच्या आतले ते ठेवायचे, जुने ते काढायचे. म्हणून त्या रात्री घरात काय वाचले? वाण्याची यादी, विजेचे बिल आणि कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक. गेले काय? १९८४.

मी हे बोलून दाखवले तेव्हा चिरंजीव थोडे सैलावले आणि म्हणाले, “आमच्या धंद्यात असं मोठ्यामोठ्यांचं झालंय.” मग त्यांनी ज्या हकिकती सांगितल्या, त्या ऐकून मला बरे वाटले असे म्हणणे बरोबर नाही, पण एकटेपणा कमी झाला.

जपानात क्योतो विद्यापीठात एक महासंगणक आहे. २०२१ च्या डिसेंबरात तिथे अगदी आमच्यासारखीच स्क्रिप्ट चालू होती: दहा दिवसांहून जुन्या नोंदींच्या फाइली काढून टाकायच्या. यंत्र पुरवणाऱ्या कंपनीच्या लोकांनी ती स्क्रिप्ट सुधारली, वाचायला सोपी केली, आणि नवी प्रत जुनीच्या जागी ठेवली. हेतू चांगलाच. पण जुनी प्रत त्या वेळी चालू होती. हे हुकूम वाचणारा जो कार्यक्रम असतो, बॅश नावाचा, तो सगळी यादी आधी पाठ करून घेत नाही. एकेक ओळ वाचतो, तेवढे काम करतो, पुन्हा पुढचे वाचायला येतो. त्यामुळे अर्धी जुनी, अर्धी नवी अशी यादी त्याच्या वाट्याला आली. जिथे फोल्डराचे नाव असायला हवे तिथे नाव नव्हते, कोरे होते. कोऱ्या जागेचा अर्थ त्याने आपल्या परीने लावला आणि नोंदींचे फोल्डर सोडून संशोधकांच्या साठ्यातच शिरला. १४ तारखेच्या संध्याकाळपासून १६ तारखेच्या दुपारपर्यंत हे चालले होते. ७७ टेराबाइट, सुमारे ३ कोटी ४० लाख फाइली! चौदा संशोधक गटांचे काम गेले आणि त्यांतल्या चार गटांचे परत मिळण्यासारखेही नव्हते. कंपनीने चूक कबूल केली, जाहीर माफी मागितली. स्वयंपाक चालू असताना पाककृतीचे पान कोणी बदलले तर जे होईल, ते झाले.

हे कोरे नाव फार घातक दिसते. २०१५ च्या जानेवारीत स्टीम नावाच्या, कॉम्प्युटरवरचे खेळ विकणाऱ्या कार्यक्रमाच्या एका स्क्रिप्टमध्ये हाच दोष निघाला. ‘अमुक फोल्डराच्या आतले सगळे पूस’ असा हुकूम होता. काही कारणाने अमुक कोरे राहिले की उरते ते ‘सगळे पूस’. एका माणसाचे घरचे सगळे फोल्डर गेले, बाहेर जोडलेल्या डिस्कवरची प्रतसुद्धा. मौज म्हणजे स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने त्या ओळीवर शेरा मारून ठेवला होता: भीतीदायक! भीती वाटली, पण ओळ तशीच ठेवली. आपल्याकडे उघड्या विजेच्या तारेवर ‘सावधान’ची पाटी लावून निघून जातात, तसे.

आणि २०११ साली बंबलबी नावाच्या एका फुकट मिळणाऱ्या कार्यक्रमाच्या स्क्रिप्टमध्ये नुसती एक मोकळी जागा जास्त पडली. एका लांबलचक पत्त्याचे दोन तुकडे झाले. पहिला तुकडा नेमका कॉम्प्युटरच्या साऱ्या महत्त्वाच्या वस्तू ठेवायच्या फोल्डराचा पत्ता होता. ज्यांनी तो कार्यक्रम बसवला त्यांचे यंत्र बसले.

सिनेमावाल्यांचीही गोष्ट आहे. आमच्या नातीचा आवडता ‘टॉय स्टोरी २’ १९९८ साली तयार होत असताना कोणीतरी एक चुकीचा पुसण्याचा हुकूम दिला आणि चित्रे पडद्यावरून एकामागून एक नाहीशी होऊ लागली. हुकूम हाताने दिलेला होता, एवढाच फरक. राखीव प्रती काढल्या तर त्या धड भरल्याच गेल्या नव्हत्या, आणि हे कोणी तपासून पाहिले नव्हते. वाचवले ते गॅलिन सुसमन या बाईंनी. घरी तान्हे मूल म्हणून त्या घरून काम करीत आणि त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रत होती. नातीला हे सांगितले तेव्हा तिने विचारले, “मग आपल्या पणजीची प्रत कुठल्या बाईंकडे आहे?”

पोरे असे प्रश्न विचारतात आणि खेळायला निघून जातात. आम्ही मात्र एकमेकांकडे पाहत राहिलो. अक्का म्हणाली, “थांबा रे. माझ्या लेकीनं मागितल्या होत्या ना, तिच्या डोहाळेजेवणाच्या वेळी?” इंदूरला फोन लागला. भाचीच्या जुन्या लॅपटॉपवर सात कॅसेटी होत्या. तेव्हा पेनड्राइव्हवर तेवढ्याच मावल्या, उरलेल्या चार ‘पुढच्या वेळी’ द्यायच्या ठरल्या होत्या. ‘हे नको घेऊ’ त्या चारांतले. ते आता कुठे नाही.

दिवाळीनंतरच्या शनिवारी आम्ही बापलेक नवी स्क्रिप्ट लिहायला बसलो. मी दप्तरातले सांगायचे आणि चिरंजीवांनी ते कॉम्प्युटरच्या भाषेत उतरवायचे. सौ. लाडू वळायच्या परातीजवळून देखरेख करीत होती.

पहिले म्हणजे ‘नाहीतर थांब’. ठरलेल्या फोल्डरात जाता आले नाही, तर पुढची एकही ओळ चालायची नाही. त्यावरही माझे समाधान होईना. फोल्डर आहे, पण ते आपलेच हे कशावरून? मग चिरंजीवांनी बाहेरच्या डिस्कवर ‘ही कॅमेऱ्याची डिस्क आहे’ अशा नावाची एक कोरी फाइल ठेवली. ती दिसली तरच पुढे जायचे. दारावरची पाटी वाचल्याशिवाय आत पाऊल नाही.

मग कोऱ्या नावाचा बंदोबस्त. यादीत कुठेही नाव लिहायचे राहिले असेल तर तिथेच अडून बसावे, असा एक हुकूम सुरुवातीलाच देता येतो. तो दिला. फोल्डराचे नाव अवतरणचिन्हांत बांधले, कारण आपण घरी ‘दिवाळी २००९’ अशी मधे जागा सोडून नावे देतो आणि कॉम्प्युटर ती ‘दिवाळी’ आणि ‘२००९’ अशी दोन समजतो; बंबलबीचे झाले तसेच. “आजीच्या फोल्डराला असं नाव असतं,” चिरंजीव म्हणाले, “तर पुसणारी स्क्रिप्ट भलत्याच दोन दारांवर जाऊन थडकली असती.”

शोधून पुसण्याचा जो हुकूम आहे, त्यात शब्दांचा क्रमही महत्त्वाचा, हे मला नवे होते. ‘जुन्या शोध आणि पूस’ आणि ‘पूस, जुन्या शोध’ यांत आपल्याला नुसता शैलीचा फरक वाटेल. कॉम्प्युटर शब्द येतील तसे पाळतो. दुसऱ्या तऱ्हेने लिहिले तर तो आधी सगळे पुसतो आणि मग त्यात जुने कोणते होते ते शोधू लागतो. म्हणून चिरंजीवांनी ‘पूस’ हा शब्द अगदी शेवटी ठेवला, आणि पहिले आठ दिवस तोही काढून त्याजागी नुसते ‘नाव सांग’ असे लिहिले. म्हणजे आधी यादी, सही नंतर.

“रोज किती नावं यायला हवीत?” मी विचारले.

“चोवीस.”

“आणि चारशे आली तर?”

चिरंजीव थबकले. अशी मर्यादा त्यांनी घातली नव्हती. आता घातली आहे: पन्नासांपेक्षा जास्त नावे निघाली तर काही न पुसता थांबावे आणि कळवावे. गेल्या वर्षीच्या त्या रात्री किती फाइली गेल्या ते आम्हांला आजतागायत माहीत नाही, कारण यादीच ठेवली नव्हती. हजारोंनी असणार. पन्नासाव्यालाच हात थांबला असता.

चोवीस फाइलीही लगेच जात नाहीत. आधी त्या ‘ड’ नावाच्या फोल्डरात हलवल्या जातात. तिथे आणखी महिनाभर पडून राहतात. तोवर कोणी हरकत घेतली नाही तर मग जातात. चिरंजीवांच्या मते हा जागेचा अपव्यय आहे. असेल. ‘ड’ हे नाव मात्र त्यांनी आपण होऊन दिले.

शेवटी त्यांनी एक गोष्ट केली ती मला सर्वांत पसंत पडली. ही स्क्रिप्ट चालवण्यासाठी कॉम्प्युटरवर वेगळा नोकर नेमला. वेगळे नाव, वेगळे अधिकार. त्याला कॅमेऱ्याच्या फोल्डराखेरीज कशालाच हात लावता येत नाही. उद्या त्याचे डोके फिरले तरी स्वयंपाकघराची किल्ली त्याच्याकडे नाही. स्क्रिप्टमध्ये दुरुस्ती करायची झाली तर आधी तो झोपलेला आहे याची खात्री करून घ्यायची, हे क्योतोवरून शिकलो.

सौ.ने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “हे सगळं मी रद्दीच्या वेळी करते, तेव्हा तुम्ही हसत का होता?”

याला उत्तर नव्हते. मी लाडू खाल्ला.

आता रोज सकाळी सातला माझ्या फोनवर यादी येते. चोवीस नावे, तारखेसह. सौ. ती चहा पिता पिता वाचते. तिला वाचण्यासारखे त्यात काय असते देव जाणे. यंदा दसरा झाल्यावर पुन्हा साफसफाई निघाली. परवा सकाळी फोनवर यादी नव्हती. एकच ओळ होती: ‘डिस्क सापडली नाही. काही पुसले नाही. थांबलो आहे.’

मी टेबलामागे वाकून पाहिले. तार काढलेली होती, आणि तिच्याशेजारी लक्ष्मीपूजनासाठी आणलेली नवी केरसुणी उभी करून ठेवली होती. तार लावली. आईच्या सात कॅसेटी आता नाशिकला, पुण्याला आणि इंदूरला अशा तीन ठिकाणी आहेत, आणि दर तीन महिन्यांनी प्रत्येक ठिकाणी एक ओवी लावून ऐकायची असे ठरले आहे. पुण्याची पाळी झाली. इंदूरची अक्का भाऊबीजेला निघण्यापूर्वी ऐकून सांगणार आहे.